वाडी बघतो

“काम काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“वाडी बघतो,” जॅक्सन म्हणाला.

स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला. मागच्या स्टुलावर बसलेल्या फ्लॉसीला सवयीने बरं वाटलं. पोरगा अडखळला नाही. आणि लगेच तिला आठवलं, आज त्याने अडखळायलाच हवं होतं.

“तब्येत कशी आहे?”

“देवाची कृपा.”

“औषधं घेता ना?”

“वेळेवर घेतो.”

“घरी कोण कोण असतं?”

“आई आणि मी. बहीण लग्न होऊन गेली. तुमच्याकडे सगळे बरे ना?”

डॉक्टर हसले. अपंगत्वाचा दाखला मागायला येऊन त्यांच्याच घरची चौकशी करणारा हा पहिलाच माणूस असावा. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, गुळगुळीत दाढी, रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट. मान खाली घालून ते लिहायला लागले.

“साहेब, तसं नाय ते,” फ्लॉसी उठून म्हणाली. “वाडीबिडी काय नाय आता. तो नुसता...”

“आजी, तुम्ही बसा. त्यांना बोलता येतंय ना? मग त्यांनाच बोलू द्या.”

बोलता येतंय, हेच तर सगळं दुखणं होतं. डॉक्टरांनी पुढचा एक प्रश्न विचारला असता, वाडीत काय लावलंय, पाणी कधी सोडता, असलं काहीही, तर जॅक्सन समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिला असता. पण बाहेर दारापर्यंत रांग लागली होती आणि पुढचा प्रश्न विचारायला तिथे कुणाला सवड नव्हती. शिपायाने पुढचं नाव पुकारलंसुद्धा.

बाहेर आल्यावर जॅक्सनने आईला विचारलं, “बरोबर बोललो ना?”

“हो,” फ्लॉसी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

जॅक्सन आयटीआय करून वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला होता. हात चांगला होता, मालक खूश होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, मशीन मला नावाने हाक मारतं. सगळे हसले. मग ते त्याला शिव्या द्यायला लागलं, मग त्याने जाणं सोडलं, आणि घरामागच्या बावखलाच्या, त्या छोट्या तळ्याच्या, पायरीवर पाण्याकडे बघत तो दिवसचे दिवस बसायला लागला. औषधं झाली, इस्पितळ झालं, शॉकही देऊन झाले. आवाज कमी झाले, पण गेलेला मुलगा काही पुरता परत आला नाही.

बाप पीटर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रविवारी चर्चमध्ये दृढीकरणाच्या संस्काराला बसणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण द्यायचा. बिशप येतील, एखाद्याला उभं करून प्रश्न विचारतील आणि गावाची अब्रू जाईल, या धास्तीने तो मुलांकडून उत्तरं घोटून घ्यायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी पोरांनी धाडकन उत्तर दिलं पाहिजे. त्याच पद्धतीने त्याने आपल्या मुलालाही तयार केलं.

“गाव विचारायचं ते विचारणारच,” तो फ्लॉसीला म्हणाला होता. “आपन उत्तर तयार ठेवायचं.”

रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की ओट्यावर बाप-लेकाचा दुसरा जप सुरू व्हायचा. काय जॅक्सन, काय करतोस? वाडी बघतो. तब्येत? देवाची कृपा. समोरचा फारच चौकशा करायला लागला की उलट त्याच्या घरच्यांची चौकशी करायची. माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की दुसऱ्याला विसरतो, हे मास्तरला पक्कं ठाऊक होतं. आणि जॅक्सनचं बोलणं भलतीकडे वळतंय असं दिसलं की आई किंवा बाप दोनदा खोकणार. खोकला ऐकला की ‘येतो मग’ म्हणून निघायचं. बुटांच्या लेस त्याला बांधता येईनात, तर फ्लॉसी दार लोटून आतल्या आत बांधून द्यायची. दुहेरी गाठ मारायची, म्हणजे घरी परत येईपर्यंत सुटायला नको.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. डायनाचं लग्न त्या झाकल्या मुठीवरच जमलं. सोयरे यायच्या आदल्या आठवड्यात पीटरने जॅक्सनचे पहिल्या काही वर्षांचे सगळे दवाखान्याचे कागद अंघोळीच्या बंबात घातले. त्या दिवशी पाणी लवकर तापलं होतं, एवढं फ्लॉसीला आठवतं.

गावाला कळलं नव्हतं असं नाही. गाव काही आंधळं नसतं. पण ‘वाडी बघतो’ हे उत्तर गावालाही सोयीचं होतं. ऐकलं की मान डोलवून पुढे जाता यायचं. पुढे पीटर गेला. वाडीही तुकड्या-तुकड्याने गेली, थोडी औषधपाण्यात, थोडी लग्नात. जिथे केळी आणि पानवेली होत्या तिथे आता लग्नाचं लॉन आहे आणि त्याला उंच भिंत आहे. जॅक्सन रोज सकाळी त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. त्या अर्थाने तो वाडी बघतो, असं कुणी म्हटलंच तर म्हणू शकेल.

पीटरच्या मागे फ्लॉसीला त्याची पेन्शन मिळत होती. घर त्यावर चालायचं, दर महिन्याचं इंजेक्शन त्यावर व्हायचं. फ्लॉसीच्या पाठोपाठ ती बंद होणार. मुलगा आजारामुळे कमावू शकत नाही असा सरकारी डॉक्टरांचा दाखला असेल तरच ती मुलाला चालू राहते, आणि हे सगळं आपण जिवंत असतानाच करून ठेवलेलं बरं, हे तिला पेन्शनच्या ऑफिसातूनच कळलं होतं. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. या वयात ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले, जपून राहा. कुणासाठी जपून राहायचं ते तिला सांगायची गरज नव्हती.

“मी आहे ना, मम्मी,” डायना फोनवर म्हणायची. पण ते ती दबक्या आवाजात म्हणायची, कारण सासरी अजूनही कुणाला काही माहीत नव्हतं. दबक्या आवाजात किती दिवस भाऊ सांभाळता येतो?

दाखला आला. तीस टक्के.

“चाळीसच्या खाली आहे, आजी,” पेन्शनच्या ऑफिसातला उमंग कागद उलटसुलट करत म्हणाला. तरुण मुलगा, उद्धट नव्हता. “याच्यावर काहीच होणार नाही. आणि इथे बघा, शेती करतात असं लिहिलंय.”

“शेती कुठून करनार? शेतीच नाय आमच्याकडे.”

“मग असं कसं लिहिलं?”

“त्याने सांगितलं.”

“मग त्यांनी असं कसं सांगितलं?”

“आम्ही शिकवलं,” फ्लॉसी म्हणाली.

उमंगने पेन खाली ठेवलं. “पुन्हा अर्ज करा,” तो शेवटी म्हणाला. “फेरतपासणी मागा.”

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली त्याला बहुधा अर्ध्या वर्षातच सुटका मिळाली असावी. फ्लॉसीचे हेलपाटे सुरू झाले. अर्ज ऑनलाइन करायचा, तो पलीकडच्या वाडीतल्या सावित्रीबाईंच्या सुनेने, हेमांगीने, करून दिला. ती वसईत एका दवाखान्यात कामाला होती, तिला या भानगडी कळायच्या. तारीख मिळाली, पहाटेची एसटी पकडून मायलेक गेले, तर मानसोपचाराचे डॉक्टर रजेवर. पुढच्या वेळी डॉक्टर होते तर सर्व्हर बंद. त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही होते, तर खिडकीतली बाई म्हणाली, आजार कधीपासून आहे त्याचे जुने कागद आणा.

“जुने नायत.”

“असे कसे नाहीत? इतक्या वर्षांचा पेशंट ना?”

बंबात घातले असं खिडकीतून सांगता येत नाही. हरवले, ती म्हणाली. बाई म्हणाली, मग जिथे दाखल होता तिथून नक्कल आणा. नकलेसाठी आणखी हेलपाटे. आणि दर खेपेला जॅक्सन तोच इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर ताठ बसायचा आणि शेजारच्या कुणीही विचारलं, काय भाऊ, काय करता, की म्हणायचा, वाडी बघतो. फ्लॉसीला वाटायचं, याच्या एक थोबाडीत द्यावी. मग तिला वाटायचं, आपल्याच द्यावी.

“मावशी, राग मानू नका,” हेमांगी एका संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाली, “पण तुम्ही त्याला एवढं टापटीप नेता ना, तिथेच प्रॉब्लेम होतो. आमच्याकडे एकाने सांगितलं, चार दिवस दाढी-आंघोळ बंद ठेवायची. गोळ्या पण थोड्या दिवस बंद. मग डॉक्टरला काही सांगावंच लागत नाही.”

“गोळ्या बंद केल्या होत्या एकदा,” फ्लॉसी म्हणाली. “त्यानेच केल्या होत्या, मला न सांगता. गळ्यापर्यंत बावखलात जाऊन उभा होता. पीटरने कपड्यांसकट उडी मारून बाहेर काढला. तो खोल शिरला असता तर?”

“मग नको, मावशी,” हेमांगी म्हणाली.

“आनि घाणेरडा करून नाय नेनार मी त्याला. डॉक्टरकडे मानूस धुतलेल्या कपड्यात जातो.”

“मग एकच राहिलं, मावशी. तुम्ही सांगायचं. सगळं, जसं आहे तसं. घरात तो काय करू शकत नाही ते एकेक.”

“त्याच्यासमोर?”

“त्याच्यासमोरच. त्याला बाहेर पाठवून नाही ऐकणार ते.”

फ्लॉसीने आधी दुसरा उपाय करून पाहिला. रोझरी झाल्यावर ती जॅक्सनच्या समोर बसली, पीटर बसायचा तिथे.

“डॉक्टरनी विचारलं, काय करतोस, तर काय सांगायचं?”

“वाडी बघतो.”

“ते नाय सांगायचं आता. खरं सांगायचं.”

“खरं काय?”

तो थट्टा करत नव्हता. तो मास्तरांच्या वर्गातल्या मुलासारखा ताठ बसून नव्या उत्तराची वाट बघत होता. एकदा सांगितलं असतं तर त्याने तेही पाठ केलं असतं. फ्लॉसीने तोंड उघडलं आणि तिच्याने ते म्हणवेना. काय सांग म्हणायचं पोटच्या पोराला? मी काही करत नाही, मला काही जमत नाही, हे? रोज संध्याकाळी, रोझरीनंतर, पाठ होईपर्यंत?

“पप्पांनी सांगितलंय, वाडी बघतो म्हनायचं,” जॅक्सन म्हणाला. “आता पन तेच म्हनाले.”

ती उठून आत गेली आणि उगाचच भांडी घासायला लागली.

शेवटी फेरतपासणीची तारीखही आली. या वेळी खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. जॅक्सन नेहमीसारखाच चकाचक होता. फ्लॉसीने बूटसुद्धा पुसले होते. कामाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “वाडी बघतो.” बाईंनी पेन उचललं.

फ्लॉसी उठली. कुणी बस म्हणायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली.

“बाय, वाडी नाय आमच्याकडे. मी सांगते ते लिहा. सकाळी ब्रशवर पेस्ट लावून मी त्याच्या हातात देते. नाय दिली तर नुसता ब्रश धरून उभा राहतो. आंघोळीला बसला की दाराबाहेरून मी सांगते, आता पानी घे, आता साबन लाव. दाढी मी करते. जेवलास का विचारलं तर जेवलो म्हनतो, जेवलेला नसला तरी. गॅसजवळ मी त्याला जाऊ देत नाय, एकदा चालू ठेवून गेला होता. बाप मेला तरी रोज संध्याकाळी बापाशी बोलतो. पैसे दिले तर जो मागेल त्याला देऊन टाकतो. एकटा बसस्टॉपपर्यंत गेला तर परत येत नाय, आनायला जावं लागतं.”

तिला दम लागला. जॅक्सन आपल्या बुटांकडे बघत होता.

“हे जे तो बोलतो ना चांगलं चांगलं, ते आम्ही पाठ करून घेतलंय. त्याला लोकांनी येडा म्हनू नये म्हनून. हे बूट बघा. हे मी बांधलेत.”

बाईंनी टेबलावरून वाकून बूट पाहिले. मग त्यांनी जॅक्सनकडे पाहिलं. “जॅक्सन, आई सांगतायत ते खरं आहे?”

जॅक्सनने आईकडे पाहिलं. फ्लॉसीला ती नजर ओळखीची होती. तो खोकल्याची वाट बघत होता. दोनदा खोकलं असतं तर तो उठून ‘येतो मग’ म्हणाला असता आणि दोघंही तिथून सुटले असते. तिचा घसा खाजवायला लागला. तिने पदर तोंडात धरला आणि जमिनीकडे बघत राहिली.

बाईंनी घाई केली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

“आई खोटं नाय बोलत,” जॅक्सन म्हणाला.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. पारोळचा थांबा गेल्यावर त्याने विचारलं, “मी वाडी नाय बघत?”

“नाय, बाबा.”

“मग काय करतो मी?”

पीटरने सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती, याचं ठेवलं नव्हतं. फ्लॉसीने पिशवीतलं सुकेळं, वाळवलेलं गोड केळं, काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते धरून ठेवलं, खाल्लं नाही.

पासष्ट टक्के मिळाले. हेमांगीने मोबाइलवर पाहिलं आणि धावत सांगायला आली. उमंगने कागद ठेवून घेतले आणि म्हणाला, “आता काळजी नको, आजी. तुमच्यानंतर यांच्या नावावर होईल.” डायना दबक्या आवाजात “अभिनंदन, मम्मी” म्हणाली. अभिनंदन करण्यासारखं नेमकं काय झालं होतं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. त्या रात्री फ्लॉसीला शांत झोप लागली, हे मात्र खरं. जॅक्सन ओट्यावरच्या संध्याकाळच्या त्या प्रश्नोत्तरांच्या जपाला त्यानंतर बसला नाही. आईने बोलावलं तर यायचा, आणि गप्प राहायचा.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात नेहमीची गर्दी होती. सगळे सावलीला उभे राहून गप्पा मारत होते. पीटरचा जुना विद्यार्थी ॲल्रॉय सुट्टीवर बहारीनहून आला होता. अंगावर भारी शर्ट, बरोबर बायको. तो हात पुढे करत आला.

“जय येशू, आंटी. काय जॅक्सन, ओळखलंस का? काय करतोस हल्ली?”

जॅक्सन ताठ उभा राहिला. फ्लॉसीला वाटलं, सुटलो, ते उत्तर अजून आहे त्याच्याकडे.

“मी काय नाय करत,” जॅक्सन म्हणाला. तोच स्वच्छ, खणखणीत आवाज, पीटरने घडवलेला. “सगळं आई करते. दाढी आई करते. बूट आई बांधते. माझं डोकं बरं नाय. तुमच्याकडे सगळे बरे ना?”

ॲल्रॉयचा हात तसाच पुढे राहिला. त्याची बायको चर्चच्या मनोऱ्याकडे बघायला लागली. कुणीतरी उगाच मुलाला हाक मारली. जॅक्सनने वळून आईकडे पाहिलं, बरोबर बोललो ना, असं विचारल्यासारखं.

फ्लॉसीच्या घशाशी खोकला आला होता. तो तिने गिळला.

“बरोबर बोललास,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिला दिसलं, त्याच्या डाव्या बुटाची लेस सुटून मातीत लोळत होती. सकाळी मिस्साच्या घाईत गाठ सैल बसली असणार. एरवी तिने त्याला कोपराला धरून भिंतीच्या आडोशाला नेलं असतं. आज तिने पदर खोचला, त्याच्या गुडघ्याचा आधार घेतला आणि आवारात, सगळ्यांच्या देखत, खाली बसली. लेस झटकून तिने एक गाठ मारली, आणि तिच्यावर, नेहमीसारखी, दुसरी.